बदलून देणे, एवढीच जबाबदारी

नवं मशीन अकरा वाजता आलं. कंपनीच्या दोघांनी ते खोक्यातून काढलं, नियंत्रण कक्षात बसवलं, वायरी जोडल्या आणि ते थांबले. सही झाल्याशिवाय चालू करायचं नाही, असं कंपनीचं सांगणं होतं.

तोपर्यंत रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन कागदावर उतरवले जात होते. आठ जणी चिठ्ठ्यांवर पत्ते लिहीत होत्या आणि दुसऱ्या फोनवरून चालकांना ओरडून सांगत होत्या. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, जिला सारे मावशी म्हणत, रिकाम्या खोक्याकडे बघून म्हणाली, "आलं का वरातीमागून घोडं!" मग काचेपलीकडच्या छोट्या खोलीत बसलेल्या करार अधिकारी बाईंकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने मान खाली घातली.

गेल्या महिन्यात जुनं मशीन बावन्न मिनिटं अडकलं होतं. फोन घेतले जात होते, पत्ते नोंदले जात होते, पण गाड्यांपर्यंत एकही पोहोचत नव्हता. त्या वेळातल्या सात फोनांपैकी तिसरा या करार अधिकारी बाईंच्या वडिलांचा होता. तो त्यांनी स्वतःच केला होता. गाडी आली नाही, ते गेले.

"तुम्ही नका करू सही," छोट्या खोलीत तिच्यासमोर बसलेले तिचे साहेब म्हणाले. "मी दुसऱ्या कोणाला तरी बसवतो."

"करारात माझं नाव आहे, साहेब. दुसऱ्याची चालणार नाही."

"तेही खरंच," असं म्हणून साहेबांनी चष्मा काढला आणि ते तो उगाच पुसत बसले.

कंपनीच्या माणसाने कागद पुढे सरकवला. एकच पान होतं. कलम चौदाप्रमाणे नादुरुस्त यंत्र बदलून देण्यात आले असून पुरवठादाराची जबाबदारी पूर्ण झाली आहे. खाली सहीची जागा.

"आणि ती सात माणसं?" एखाद्या पानाचा क्रमांक विचारावा तसं तिने विचारलं.

उत्तर त्याच्याकडे तयारच होतं. "ते अप्रत्यक्ष नुकसानीत येतं, मॅडम. त्याला आम्ही बांधील नाही, असं कलमातच आहे. मसुदा तुमच्याच खात्याचा आहे. आमच्या वकिलांनी एक शब्द बदलला नव्हता."

"कशाला बदलतील? मीच लिहिलाय तो."

"तुम्ही एकट्या नाही," साहेब म्हणाले. "वर चार सह्या आहेत, त्यातली एक माझी. आणि आपण सगळे असंच तर करतो. मागच्या करारावरून पुढचा. प्रत्येक वेळी नव्याने लिहीत बसलो, तर या कचेरीत एक फाइल हलायची नाही."

"मागचा करार प्रिंटरचा होता, साहेब."

चष्मा पुसता पुसता साहेब थांबले.

"प्रिंटर बंद पडला, नवा आणून ठेवला, की झालं. मी फक्त वस्तूचं नाव बदललं."

कंपनीच्या माणसाने दार बंद आहे ना, हे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मला मनापासून वाईट वाटतं. माझे वडीलही त्याच वयाचे आहेत. पण हे मी बोललो नाही, बरं का. वाईट वाटतं म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, असं आमचे वकील म्हणतात."

"मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "वडिलांना जपा."

काचेपलीकडून मावशींचा आवाज येत होता. "दुसरी गल्ली नाही हो, तिसरी! कानात बोळे घातलेत का?" त्यांच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजत होता, आणि तो उचलायला कोणाचाही हात मोकळा नव्हता. साहेब फोनकडे बघत राहिले.

सही केली नसती तर कलम बदललं नसतं. चिठ्ठ्या तेवढ्या वाढल्या असत्या. तिने सही केली, खाली तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

मशीन सुरू झालं. ते बसवणारा कारागीर पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने छोट्या खोलीतला संगणकाचा पडदा सुरू केला आणि खुर्ची ओढून बसला.

"एक चाचणी घेऊन टाकू. खरी गाडी जात नाही, पडद्यावरचा ठिपका तेवढा चालतो. कुठलाही एक पत्ता सांगा, ताई."

"माझ्या घरचा घाला," साहेब घाईने म्हणाले.

पण तिने सांगायला सुरुवात केली होती. रस्ता. इमारत. दुसरा मजला. डावीकडचं दार.

"जवळची खूण?"

"जिन्याखाली सायकल आहे. जुनी."

कारागिराने दोन बोटांनी सगळं टिपलं. पडद्यावर रस्ते उमटले आणि तीन चौकांपलीकडे एक हिरवा ठिपका हलला.

"चार मिनिटं," तो समाधानाने म्हणाला. "बघा, झकास चालतंय. करू का रद्द?"

कंपनीच्या माणसाने बॅग उचलली होती, ती त्याने परत खाली ठेवली. ठिपका एका चौकात क्षणभर थांबला आणि डावीकडे वळला.

"थांबा," ती म्हणाली. "पोहोचू दे."