खोडामागे दहा पैसे

“पदर नीट घे. आणि त्यांच्यासमोर गणिताचं नाव काढू नकोस,” लाडकुंवरबाईंनी लेकीला बजावलं. दारात टांगा थांबला होता.

कुसुमलतानं मान डोलावली, पण मनात वेगळंच शिजत होतं. जळगावच्या कॉलेजात ती गणितात पहिली आली होती. एवढ्यात लग्न नको, हे घरात चारदा सांगून झालं होतं. पण ‘सावद्याचे भंवरलालजी रविवारी कुसुमला भेटायला येताहेत,’ असं मामांचं पत्र आलं आणि वडील ज्ञानचंद हवेत तरंगू लागले. केळीचे एवढे मोठे व्यापारी! आता नकार मिळवायचा तर आपणच, असं तिनं ठरवलं.

भंवरलालजी पत्नीला, राजकुंवरबाईंना, घेऊन आले होते. चहा झाला.

“काय काय येतं, बेटी?” भंवरलालजींनी विचारलं.

“गणित,” कुसुमलता म्हणाली. आईनं कपाळाला हात लावला.

“अरे वा! मग ऐक. आमचा वादळ-निधी आहे. बागायतदार खोडामागे दहा पैसे भरतात. वाऱ्यानं झाड पडलं, की आम्ही एक रुपया देतो. दर सगळ्यांना सारखा.”

“सगळ्यांच्या बागा सारख्या पडतात?”

“छे! आडोशाच्या बागेत शंभरात चार. तापीकाठी वीस.”

“मग तुमचा निधी बुडणार,” ती शांतपणे म्हणाली. ज्ञानचंदांना ठसकाच लागला. “चार पैशांच्या जोखमीला आडोशाचा माणूस दहा पैसे कशाला भरेल? तो निघून जाईल. उरतील नदीकाठचे. ते भरणार दहा, नेणार वीस.”

भंवरलालजींनी कप खाली ठेवला. “गेल्या वर्षी एक्केचाळीस जण सोडून गेले. सगळे आडोशाचे!”

“आडोशाला पाच पैसे करा, काठाला बावीस. शिवाय वादळ आलं की अख्ख्या गावाच्या बागा आडव्या करतं. म्हणून लांबच्या, शिरपूरकडच्या बागाही निधीत घ्या. दोन्हीकडे एकाच दिवशी वादळ क्वचितच येईल.”

एवढं बोलून ती थांबली. आता हे उठून जाणार, याची तिला खात्री होती.

भंवरलालजींनी राजकुंवरबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या.

“पसंत!” भंवरलालजींनी मांडीवर थाप मारली. “येत्या एक तारखेपासून ही आमची.”

आपलाच डाव उलटला, हे कुसुमलताला कळलं. ज्ञानचंदांचे डोळे मात्र भरून आले. ते हात जोडून उभे राहिले. “आमचं भाग्य! आता देण्याघेण्याचं काय ते मोकळेपणानं सांगा.”

“तुमच्याकडून घ्यायचं कसलं, ज्ञानचंदजी? द्यायचं आम्ही. महिना साडेतीनशे पगार, कचेरी इथंच जळगावात. आणि पुढेमागे हिचं लग्न ठरवाल, तेव्हा नोकरी सोडायला लावणारं घर तेवढं बघू नका!”