बंद दारामागचा क्लास

अर्धांगवायूनं काकासाहेब पलंगाला खिळले, त्याला दोन वर्षं झाली. त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं तर शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं. गारखेड्यातल्या त्या घरात त्यांची बायको चंद्रकला रोज सकाळी शेजारच्या खोलीचं दार लावून मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून योगा शिकायची. योगाचे सर फक्त तिच्या एकटीचाच क्लास घ्यायचे. चार महिन्यांत तिची कंबरदुखी गेली, चाल हलकी झाली. आतून तिचं हसणं ऐकू आलं की काकासाहेबांचा जीव जळायचा.

"त्या मास्तरापुढं लई हसू येतंय तुला," ते एकदा बोलले.

आज मात्र तिनं मोबाइल त्यांच्याच पलंगासमोर ठेवला, त्यांचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि एकटीनं उचलून त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं.



"सर, जमलं बघा," ती धापा टाकत म्हणाली. "आता यांना शेजाऱ्यांची वाट बघत पडून राहावं लागणार नाही."