सागरतारका, लांबी एकसष्ट मीटर

शेवटी हर्षलाने नवऱ्याला सोडून दिलं. छे, असं काही झालेलंच नाही. ती आपली वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात कणीक मळते आहे आणि डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर, जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशात, 'सागरतारका' बघते आहे. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारं हे नवऱ्याचं जहाज. लांबी एकसष्ट मीटर, रुंदी सोळा, डेकवर सातशे टन माल मावतो. नवऱ्याच्या शर्टाचं माप ती दरवेळी विसरते, पण हे तोंडपाठ.

आज मात्र नकाशावरचा बाण गुजरातच्या किनाऱ्यावर चढून बसला होता. खाली लिहिलं होतं : जहाज भंगारात काढले, तोडकाम पूर्ण. तिने घाबरून फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? जहाजावर! लाटा अशा आहेत, की उभं राहवत नाही बघ."

"जेवलात?"

"जेवतोच आहे. डेकवर बसून."

"डेक आहे अजून?"

"डेकशिवाय जहाज असतं का, वेडाबाई!"

तेवढ्यात मागून एक बाई लाडात म्हणाली, "आमटी वाढू ना अजून?"

"ही कोण हो?"

"कॅप्टन."

हर्षलाने फोन ठेवला, हाताची कणीक पुसली आणि जहाज तोडणाऱ्या कंपनीला अर्ज लिहायला घेतला.

"महोदय, सदर जहाज पूर्ववत जोडून समुद्रात सोडण्यात यावे व माझे पती त्यावर हजर असल्याचे लेखी कळवावे, ही नम्र विनंती."