गोंदियातली एकमेव रेकॉर्ड

१९९९ साली रत्नपालला नागपूरच्या जुन्या बाजारात कोणा अनोळखी रॉक बँडची रेकॉर्ड सापडली. गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या आपल्या घरी ती ऐकवताना त्याचा दोस्त हेमेंद्र पार खुळावला. "कोण वाजवून राहिला बे गिटार? नाव तं सांग!"

रत्नपालच्या पोटात दुखलं. नाव कळलं की हाही मागवेल! हेमेंद्रची पाठ वळताच त्याने कव्हर चुलीत घातलं आणि रेकॉर्डवरचं लेबल ब्लेडने खरवडून टाकलं.

पंधरा वर्षांनी माळ्यावरची ती रेकॉर्ड त्याने पुन्हा लावली, अन् गिटार तशीच काळजात घुसली. या वादकाचं अजून काही ऐकावं म्हणून मोबाइलवर शोधायला गेला, तर नाव त्याला स्वतःलाच आठवेना. शेवटी नाक मुठीत धरून तो फुलचूरला हेमेंद्रकडे गेला.

"अरे, तीच रेकॉर्ड मले बी भेटली ना, दोन हजार दोनमधी, रायपूरले," हेमेंद्र म्हणाला.

रत्नपालचा जळफळाट झाला. "मंग मले काऊन नाही सांगितलं?"

हेमेंद्र कपाटातून रेकॉर्ड घेऊन आला.



तिच्याही मधोमध लेबल नव्हतं. नुसते ब्लेडचे ओरखडे होते.