आजची तारीख

जनावरांचे डॉक्टर आत जाताच विमा एजंट निनाद मोहितेने आवाज खाली आणला. "काका, कुत्रीचा पाय काल मोडला, पण तिची पॉलिसी आज सकाळी सुरू झालीय. मी अपघाताची तारीख आजची टाकतो. ऑपरेशनचे बावीस हजार कंपनी देईल. कुणाला कळणारही नाही."

एसटीतून निवृत्त झालेल्या सावर्डेकर कंडक्टरांनी मांडीवरची जुनी चामडी पिशवी उघडली. त्यांनी नोटा उभ्या दुमडल्या, सवयीने बोटांच्या बेचक्यात धरल्या आणि काउंटरवर भराभर मोजून दिल्या. घराला रंग द्यायला साठवलेले पैसे होते ते.

मग म्हणाले, "तेहतीस वर्षं गाडीवर काढली, मोहिते. गाडी ठोकल्यावर कधी कुणाचं तिकीट फाडलं नाही."

निनादचे कान तापले. अशा तारखा त्याने कितीजणांना फिरवून दिल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्याला एखाद्या गिऱ्हाइकाच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने क्लेमचा फॉर्म फाडला.

सावर्डेकरांनी कण्हणाऱ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि काळजीने विचारलं, "उरलेल्या तीन पायांचं तिकीट चालू आहे ना पण?"