कपाची सावली

"सूनबाई, पांढऱ्या कपाची सावली निळी? कुठे बघितलीस?"

चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असलेले सासरे दर वेळी हेच विचारायचे. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सावलीवरून मात्र दोघांचं कधी जमलं नाही. शेवटी ती मुकाट्याने निळ्यावर तपकिरी रंगाचा हात द्यायची.

सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं अजून व्हायचं होतं. पट्टी निघाली, त्या सकाळी तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. ते कपाकडे बघतच राहिले. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. चहावर साय धरली.

"काय झालं, बाबा? दुखतंय का?"

"तुझी चित्रं आण. सगळी."

पहिल्याच चित्रातल्या सावलीवर त्यांनी ओला ब्रश हलकेच फिरवला आणि फडक्याने ओल टिपून घेतली. तपकिरी रंग सुटून आला. खाली निळा तसाच होता, कागदात मुरलेला. ते श्वास रोखून टिपत राहिले. एकेका कपाखाली, एकेका झाडाखाली सकाळ उघडत गेली.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?" तिने हळूच विचारलं.

"तरुणपणी मीही निळीच काढायचो गं," ते म्हणाले. "पुढे ती दिसेनाशी झाली, तेव्हा मला वाटलं, आता कुठे आपली नजर तयार झाली."