तांदळाचे ढीग

"पणजोबाचं खरं नावच माहीत नाई म्हणतोस, मग शोधावं कसं?" सोनीबाईनं विचारलं.

निकेश ओशाळून हसला. त्याचे पणजोबा कुरखेड्याकडच्या या गावातून आसामच्या चहाबागेत गेले. तिथल्या बाबूनं मनाला येईल ते नाव लिहिलं, आणि घराण्याला तेच चिकटलं. गावाचं नाव तेवढं आजीनं जपलं होतं.

गावातून तेव्हा दोघं गेले होते. एक गावातल्याच म्हाताऱ्या सुकलूच्या घराण्यातला, दुसरा सोनीबाईच्या सासऱ्याचा थोरला भाऊ पोचू. दोघांचीही पुन्हा खबर नाही. मेला की जगला हे न कळल्यामुळे पोचूच्या नावाचा दगड गावाबाहेर कधी उभा राहिला नाही, आणि सासऱ्यानं मरताना ते काम सोनीबाईवर टाकलं. पाहुणा आपलाच निघावा म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

खुणा तर जुळत होत्या. पोराचं नाक थेट सासऱ्याचं. निदान तिला तसं दिसत होतं. पाहायचंच ठरवलं की माणसाला काय दिसत नाही? शिवाय चहापत्तीबरोबर त्यानं दात घासायची तंबाखूची नस आणली होती, तीही तिच्याच आवडीची.

"रक्ताले रक्त कळते," ती नातीला म्हणाली.

स्वाती नागपूरच्या दवाखान्यात नर्स होती, कालच सुटीवर आली होती. एरवी घर डोक्यावर घेणारी पोरगी आज चौकटीला टेकून गप्प उभी होती.

"देव किती तुमचे?" सोनीबाईनं विचारलं.

या गावांत माणसाची ओळख देवांवरून पटते. देव सारखे ते भाऊबंद, वेगळे ते सोयरे. सोनीबाईच्या घरचे सहा, सुकलूकडचे सात.

"आकडा कोणालाच आठवत नाही," निकेश म्हणाला. "पण नव्या धानाच्या पूजेत आजी तांदळाचे ढीग मांडते."

"देवाले एक ढीग. लाव फोन तिले. मांडाले सांग."

फोनच्या पडद्यावर म्हातारीचा सुरकुतलेला हात आला. वर तीन ढीग, खाली तीन. हात तिथंच थांबला.

"सहा," सोनीबाईनं पदर डोळ्यांना लावला. "पोचूबाबा, आला रे तू."

निकेश पांढराफटक पडला. आनंदानं होतं असं कधीकधी, सोनीबाईला वाटलं. एवढ्यात स्वातीनं त्याच्या हातातला फोन हिसकला.

"फोटो अटकला आहे, आजी! इथी रेंज नाई राहत."

ती अनवाणीच विहिरीकडे पळाली. गावात धड रेंज यायची ती विहिरीच्या कठड्यावरच. मागून निकेश, त्याच्यामागून गुडघे धरत सोनीबाई. कठड्यावर फोन उंच धरला, तसा म्हातारीचा हात हलला. सुपातली आणखी एक मूठ मधोमध आली.

सात.

सोनीबाई मटकन खाली बसली. बिचाऱ्याला कसं सांगावं, या विचारानं तिलाच वाईट वाटलं.

"बापू, तू सुकलूच्या घरचा. आमचा नाई."

"नाही ना? पक्कं?"

"देव खोटं सांगत नाईत."

निकेशनं एवढा मोठा श्वास सोडला की सोनीबाईला रागच आला. आमचा नाही म्हटल्यावर एवढं सुटल्यासारखं वाटावं, असं आमच्या घरात आहे तरी काय?

स्वाती कठड्यावरून उतरली, आजीला बिलगून बसली.

"नस कोणती घ्याची ते मीच नागपुरात सांगतलं होतं त्याले," ती म्हणाली. "आता सुकलूबाबाकडून मागणी आली, तर नाई म्हणू नको."